‘व्यर्थ’ किती मोजायचे? गिटच्या ‘फेच’ची आणि एका माघारीची गोष्ट

१/
२२ मार्च २०२०, रविवार. देशभर जनता कर्फ्यू होता. त्या मध्यरात्रीपासून मुंबईची उपनगरी रेल्वेही थांबली. सॉफ्टवेअरच्या जगात ज्याच्यावाचून पान हलत नाही त्या ‘गिट’ची २.२६ ही आवृत्ती अमेरिकेच्या घड्याळानुसार त्याच दिवशी प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक बदल दिसायला अगदी लहान होता. सुमारे दहा आठवड्यांत तो मागे घेतला गेला आणि आणखी साडेचार महिन्यांनी दुरुस्त होऊन परत आला. त्या बदलाची, त्याच्या परीक्षणाची आणि त्या माघारीची ही हकिगत. (धागा)

२/
मीरा-भाईंदर हे पश्चिम रेल्वेच्या मार्गावर वाढलेले शहर. त्याची महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली. येथील नोकरदारांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि कार्यालये घरात शिरली. संगणकाच्या पडद्यावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत कार्यालयातील जलद जोडणीची जागा घरगुती ब्रॉडबँडने किंवा दिवसाला दीड-दोन जीबीची मर्यादा असलेल्या मोबाइल डेटाने घेतली. अशा वेळी ‘बाहेरून नेमके किती आणायचे?’ हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही, त्याला पैशांचा आणि वेळेचा हिशेब चिकटतो.

३/
गिट वापरणारा प्रोग्रॅमर सकाळी कामाला बसला की बहुधा पहिली आज्ञा देतो ती ‘फेच’ची. तिचा अर्थ: सहकाऱ्यांनी काल केलेले बदल माझ्या संगणकावर आण, पण माझ्या हातातील कामाला हात लावू नकोस. आज्ञा एका शब्दाची आहे, पण तिच्यामागे दोन संगणकांत एक वाटाघाट चालते. ‘तुझ्याकडे काय आहे, माझ्याकडे काय आहे, आणि नवे नेमके काय द्यायचे?’ ही वाटाघाट लिहिणारा कोड बदलणे हे गिटमधील नाजूक कामांपैकी एक.

४/
मुळात एकाच मजकुराच्या अनेक प्रती, त्यांतील भेद आणि कोणता बदल ग्राह्य धरायचा याचा निर्णय, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढील सुमारे तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली गेली आणि प्रत्येक हस्तलेखकाबरोबर पाठ बदलत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची भर घालू नये असे बजावले. एक शुद्ध प्रत आणि बंद दार, ही पहिली पद्धत.

५/
दुसरी पद्धत पुण्यात घडली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. ते केंब्रिजमध्ये गणित शिकलेले होते आणि पुढे बर्लिनमध्ये भाषाशास्त्रात तयार झाले होते. प्रत्येक श्लोकासाठी पाठतुलनेचा स्वतंत्र कागद असे. त्यावर मूळ पाठ लिहायचा आणि वेगवेगळ्या हस्तलिखितांतील फरक त्याच्या खाली अक्षराखाली अक्षर नोंदत जायचे. सुमारे १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. काम १९६६ साली पूर्ण झाले, तेव्हा सुखटणकरांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

६/
सुखटणकरांच्या पद्धतीतील दोन गोष्टी या कथेत महत्त्वाच्या आहेत. पहिली: नाकारलेला पाठ फेकायचा नाही, तो तळटीपेत किंवा परिशिष्टात ठेवायचा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला निर्णय तपासता येईल. दुसरी: जेथे संपादकाची पुरती खात्री नाही, तेथे छापील शब्दाखाली नागमोडी रेघ मारायची. ‘हा शब्द आम्ही घेतला आहे, पण येथे पुन्हा पाहा’ असे ती रेघ सांगते. बदल तपासणाऱ्या कोणत्याही परंपरेची प्रतिष्ठा अशा रेघांवर उभी असते.

७/
आता यंत्रांकडे. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी एससीसीएस लिहिले आणि संगणकीय मजकुराच्या आवृत्त्या जपण्याची शिस्त सुरू झाली. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांचे आरसीएस आले, त्या दशकाच्या उत्तरार्धात सीव्हीएस आले. सीव्हीएसमध्ये, आणि पुढच्या सबव्हर्जनमध्येही, संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती यंत्रावर असे आणि कामगारांकडे केवळ चालू प्रत असे. इतिहास एकाच जागी असल्यामुळे दोन इतिहासांचा ताळा घालण्याची वेळ येत नसे. आजच्या अर्थाने ‘फेच’चा प्रश्नच नव्हता.

८/
तो प्रश्न वितरित प्रणालींनी आणला. लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ या खासगी कंपनीच्या साधनावर चाले. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असावा ही कल्पना त्यात होती. २००५ मध्ये परवान्यावरून वाद झाला आणि मोफत वापर बंद झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ च्या सुमारास स्वतःचे साधन लिहायला घेतले. चारच दिवसांत, ७ एप्रिलला, ते साधन स्वतःचाच कोड सांभाळू लागले. तेच गिट. त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी ‘मर्क्युरियल’ ही दुसरी वितरित प्रणाली जाहीर केली.

९/
गिटमध्ये प्रत्येक नोंदीला, म्हणजे ‘कमिट’ला, तिच्या आशयावरून गणिताने काढलेले चाळीस अक्षरांचे नाव मिळते. प्रत्येक कमिट आपल्या आधीच्या कमिटचे नाव पोटात बाळगते. त्यामुळे इतिहास साखळीसारखा असतो: एक कडी तुमच्याकडे आहे असे कळले की तिच्या मागच्या सर्व कड्याही तुमच्याकडे आहेत असे धरता येते. फेचची सारी हुशारी या एका गुणावर उभी आहे. दोन्ही बाजूंकडे असलेली अलीकडची कडी सापडली की त्यापुढचे तेवढे पाठवायचे.

१०/
जुलै २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी गिटची धुरा जुनिओ हामानो यांच्याकडे दिली. तेव्हापासून आजपर्यंत तेच प्रमुख सांभाळकर्ते आहेत. पद्धत अशी: बदल लिहिणाऱ्याने तो ‘पॅच’ म्हणून सर्वांसमोर मांडायचा. सोबत केवळ ‘काय बदलले’ हे लिहून भागत नाही. आधी काय होत होते, ते का चुकीचे किंवा अपुरे होते आणि हाच उपाय का निवडला, हे गद्यात लिहावे लागते. इतर जण ओळीओळीवर प्रश्न विचारतात, लेखक सुधारून दुसरी, तिसरी, कधी दहावी आवृत्ती मांडतो. मान्य झालेला खुलासा इतिहासात कायमचा राहतो. सुखटणकरांच्या तळटीपा येथे कमिटच्या संदेशात बसतात.

११/
फेचच्या पहिल्या दिवसांत मात्र वाटाघाट फारशी नव्हती. आरसिंक या फायली जुळवणाऱ्या साधनाने सर्व ओढून घ्यायचे, किंवा साध्या एचटीटीपीवरून एकेक फाइल मागायची. पलीकडचा सर्व्हर निर्बुद्ध असे, मागितलेली फाइल तेवढी देई. (आरसिंकचा हा मार्ग २०१६ मध्ये, २.८ या आवृत्तीत, कायमचा काढून टाकला गेला.) २००५ सालीच बोलणारी जोडी तयार झाली: एका टोकाला ‘फेच-पॅक’, दुसऱ्या टोकाला ‘अपलोड-पॅक’. येथून फेच हा संवाद झाला.

१२/
हा संवाद समजण्यासाठी दोन भावांकडे असलेल्या घराण्याच्या वंशावळीची कल्पना करावी. एक भाईंदरला, दुसरा सांगलीला. सांगलीच्या वहीत नव्या नोंदी झाल्या आहेत. भाईंदरचा भाऊ फोनवर सांगतो, ‘मला तुझ्या वहीचे शेवटचे पान हवे.’ मग आपल्याकडील नोंदी शेवटापासून मागे वाचू लागतो: ‘ही माझ्याकडे आहे, ही आहे, हीसुद्धा आहे.’ सांगलीकर ओळखीची नोंद ऐकताच पोच देतो: ‘हो, ही माझ्याकडेही आहे.’ तेथून पुढचीच पाने टपालात पडतात. गिटच्या भाषेत पहिले वाक्य ‘वाँट’, मागे वाचणे म्हणजे ‘हॅव’ आणि उत्तर म्हणजे ‘ॲक’.

१३/
येथेच एक अडचण आहे. भाईंदरच्या वहीत सांगलीला ठाऊक नसलेली एखादी पूर्ण वेगळी शाखा असेल, तर हा भाऊ शेकडो नोंदी वाचत राहील आणि पलीकडून पोच येणार नाही. मग थांबायचे कधी? २००६ मध्ये फेच-पॅकमध्ये एक मोजणी घातली गेली. पोच न मिळता सांगितलेल्या नोंदी ‘व्यर्थ’ म्हणून मोजायच्या आणि त्या २५६ च्या वर गेल्या की प्रयत्न सोडून ‘आता आहे त्यावर पाठव’ म्हणायचे. पण या नियमाला एक उपनियम होता: निदान एक पोच मिळाल्याखेरीज हार मानायची नाही. आणि पोच मिळाली की मोजणी पुन्हा शून्यावर आणायची.

१४/
तो उपनियम कोडात दोन-तीन ओळींत बसलेला होता. पुढच्या चौदा वर्षांच्या कथेचे मर्म त्या ओळींत आहे. कारण जुन्या कोडातील अशा ओळी वाचताना त्या का आहेत हे दिसत नाही, केवळ त्या आहेत एवढेच दिसते.

१५/
दरम्यान फेच वाढत गेले. आरंभी ही आज्ञा शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती. २००७ मध्ये डॅनियल बार्कालो यांच्या पुढाकाराने ती सी भाषेत आली आणि फेब्रुवारी २००८ च्या १.५.४ या आवृत्तीतून लोकांच्या हाती पडली. २००९ च्या अखेरीस शॉन पिअर्स यांच्या कामातून एचटीटीपीवरही हुशार वाटाघाट शक्य झाली. कंपन्यांच्या फायरवॉलमागे बसलेल्या असंख्य प्रोग्रॅमरांना गिटची दारे उघडली ती यामुळे. जेगिट आणि कोड परीक्षणाचे ‘गेरिट’ हे साधन यांच्या उभारणीतही पिअर्स यांचा मोठा वाटा होता. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

१६/
प्रत्येक वेळी परीक्षकांपुढचा प्रश्न नवा कोड चालतो का एवढाच नसे. जुन्या सवयींवर उभे असलेले लोक कोसळणार नाहीत ना, हा दुसरा प्रश्न असे. २०१३ चे उदाहरण बोलके आहे. एकच ब्रँच नाव घेऊन फेच केली, तर दूरच्या ब्रँचची स्थानिक खूण हलत नसे. सुरुवातीच्या रचनाकारांनी ते जाणूनबुजून ठेवले होते: खुणा कधी हलतील याचा अंदाज बांधता यावा म्हणून. व्यवहारात मात्र लोक गोंधळत. ‘मी तर आणले, मग जुनेच का दिसते?’ जेफ किंग यांच्या बदलाने १.८.४ या आवृत्तीत ती खूणही पुढे सरकू लागली. जुना हेतू खोडला गेला, पण तो काय होता हे आधी लिहून ठेवून.

१७/
२०१७ मध्ये वेगळाच धडा मिळाला. दूरच्या यंत्राच्या नावाची सुरुवात आडव्या रेघेने झाली, तर एसएसएच त्याला नाव न समजता आज्ञेचा पर्याय समजे. दुष्ट हेतूने रचलेल्या पत्त्यावरून काही आणायला गेले की आपल्याच संगणकावर परकी आज्ञा चालण्याचा धोका होता. गिटबरोबर मर्क्युरियल आणि सबव्हर्जन यांतही हीच फट निघाली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वांनी ती बुजवली. फेच म्हणजे परक्याचे शब्द घरात घेणे. त्यामुळे तिच्या परीक्षणात ‘पलीकडचा खोटा असेल तर?’ हा प्रश्न कायमचा बसला.

१८/
मग आली दुसऱ्या पिढीची बोली. जुन्या पद्धतीत संवादाचे पहिले वाक्य सर्व्हरचे असे आणि ते फार लांब असे. ग्राहकाने तोंड उघडण्याआधीच सर्व्हर आपल्याकडील सर्व ब्रँचेस आणि टॅगची यादी वाचून दाखवी. मोठ्या भांडारांत अशी नावे लाखोंनी असतात. एका ब्रँचसाठी आलेल्याला सारी यादी ऐकावी लागे. ब्रँडन विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘प्रोटोकॉल आवृत्ती २’ जून २०१८ च्या २.१८ मध्ये आला. त्यात ग्राहक आधी सांगतो, ‘मला अमुक नावांपुरतीच यादी दे.’

१९/
नवी बोली सुरुवातीला ऐच्छिक होती. ज्याला हवी त्याने सेटिंगमध्ये आकडा बदलायचा. दीड वर्षाच्या वापरानंतर डिसेंबर २०१९ मध्ये जोनाथन नीडर यांनी तीच मूळ बोली करावी असा पॅच मांडला. तो मान्य झाला आणि २२ मार्च २०२० च्या २.२६ मध्ये लोकांपर्यंत गेला. कोडाच्या हिशेबाने बदल अगदी किरकोळ होता, परिणामाच्या हिशेबाने मात्र अफाट. ज्यांनी कधीही सेटिंग उघडून पाहिले नाही, ते सर्व एका आवृत्तीच्या बदलाने नव्या संवादावर गेले.

२०/
तक्रारी आल्या त्या लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांकडून. त्यांच्या संगणकावर एकाच इतिहासाची अनेक भांडारे जोडलेली असतात: टोरवाल्ड्स यांचे मुख्य, स्थिर आवृत्त्यांचे, आणि येऊ घातलेले बदल एकत्र करून पाहणारे ‘लिनक्स-नेक्स्ट’. तेव्हा या इतिहासातील कमिट दहा लाखांच्या घरात पोहोचल्या होत्या. जवळजवळ सारा इतिहास संगणकावर असतानाही दुसऱ्या भांडारातून थोडे नवे आणायला जावे, तर प्रचंड मोठे गाठोडे उतरू लागे. उतरलेले चुकीचे नव्हते, फक्त त्यातील बहुतेक आधीच घरात होते.

२१/
कारण शोधताना दोन धागे एकत्र आले. पहिला: जुन्या बोलीत ती कंटाळवाणी संपूर्ण यादी ऐकताना ग्राहकाला फुकट एक माहिती मिळे. ‘या यादीतील अमुक टोके तर माझ्याकडे आहेतच’ हे वाटाघाटीआधीच कळे. नव्या बोलीने यादी छोटी केली आणि त्याबरोबर ती माहितीही गेली. एका जागी केलेली काटकसर दुसऱ्या जागी उधळपट्टी झाली.

२२/
दुसरा धागा २००६ च्या त्या उपनियमाचा. नव्या बोलीसाठी वाटाघाटीचा कोड नव्याने लिहिताना २५६ ची मर्यादा आली, पण तिच्या अटी सुटल्या. एकही पोच आलेली नसतानाही व्यर्थ नोंदींची मोजणी चालू राही. पोच आली तरी मोजणी शून्यावर जात नसे. समजा, संगणकावरच्या ताज्या कमिट लिनक्स-नेक्स्टच्या आहेत आणि समोरच्या भांडाराला त्या ठाऊक नाहीत. अलीकडून मागे वाचताना पहिल्या २५६ नोंदी त्यांतच संपतात. सामाईक कडी कदाचित त्यापुढेच होती, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी ग्राहकाने हार मानलेली असे. सर्व्हरला वाटे, याच्याकडे काहीच नाही. तो जवळजवळ सगळेच पाठवी.

२३/
या चुकीचा स्वभाव नीट पाहण्याजोगा आहे. स्वयंचलित चाचण्या ‘शेवटी योग्य कमिट आले का?’ हे पाहतात, आणि ते येत होतेच. लहान भांडारांत २५६ चा उंबरठा ओलांडलाच जात नाही. कार्यालयाच्या जाड तारेवर काही मिनिटांचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मोजून मिळालेल्या डेटावर तो लगेच टोचतो. उत्तर बरोबर आणि किंमत चुकीची, अशी चूक चाचणीच्या जाळ्यातून निसटते. तिला पकडायला जुन्या कोडातील त्या दोन-तीन ओळी येथे का होत्या, असे विचारणारा वाचक लागतो किंवा बिल भरणारा वापरकर्ता लागतो.

२४/
एप्रिल २०२० मध्ये दोन हालचाली एकाच वेळी झाल्या. जोनाथन टॅन यांनी मूळ दुखण्यावर पॅच लिहिले. एकात पोच आली की व्यर्थची मोजणी शून्यावर, दुसऱ्यात पहिली पोच येईपर्यंत हार मानायची नाही. म्हणजे २००६ ची शिस्त नव्या बोलीत परत आली. त्याच सुमारास नवी बोली मूळ ठेवण्याचा निर्णय तूर्त मागे घेणारा पॅचही मांडला गेला. तो मांडला जोनाथन नीडर यांनीच, ज्यांनी चार महिन्यांपूर्वी तो बदल सुचवला होता. गाभ्यावर काम करणाऱ्यांना मोठी गाठोडी का उतरवावी लागत आहेत, याचे कारण त्यांनी माघारीच्या संदेशात नोंदवून ठेवले.

२५/
येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. दुरुस्ती हाती असताना माघार कशासाठी? उत्तर परीक्षणाच्या नीतीत आहे. दुरुस्ती योग्य वाटणे आणि योग्य ठरणे यांत काळ जावा लागतो. मूळ बोली बदलली की तिचा भार न विचारता सर्वांवर पडतो, माघारीचा भार मात्र कोणावर पडत नाही, कारण ज्याला नवी बोली हवी तो सेटिंगमधून ती घेऊ शकतो. म्हणून आधी लोकांना जुन्या सुरक्षित जागी परतवायचे आणि दुरुस्तीला वापरात मुरू द्यायचे. १ जून २०२० च्या २.२७ मध्ये जुनी बोली पुन्हा मूळ झाली. नव्या बोलीत काही खडबडीत कडा उरल्या आहेत, असे तिच्या निवेदनात साधेपणाने म्हटले होते.

२६/
१५ जूनला मुंबईत अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी मोजक्या लोकल पुन्हा धावू लागल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये २.२९ आली आणि नवी बोली पुन्हा मूळ झाली, या वेळी दुरुस्तीसह. तेव्हापासून ती तशीच आहे. आज मीरा रोडच्या एखाद्या सदनिकेतून दिलेली ‘फेच’ची आज्ञा सर्व्हरशी बहुधा याच बोलीत बोलते आणि २५६ चा उंबरठा आपल्या जुन्या अटींसह तिच्यात जागा धरून आहे.

२७/
या प्रसंगातून फेचच्या बदलाकडे पाहण्याचे प्रश्न नेमके होतात. हा बदल सामाईक कडी शोधण्याची शक्यता कमी करतो का? जुन्या कोडातून काही वगळले असेल, तर ते ओझे म्हणून वगळले की त्याचे कारण न कळल्यामुळे? जुना ग्राहक आणि नवा सर्व्हर, किंवा उलट, समोरासमोर आले तर काय होईल? पलीकडचा लबाड असेल तर? उत्तर बरोबर येऊनही किंमत वाढते का? आणि हे मागे घ्यावे लागले तर वाट मोकळी आहे का? शेवटचा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. येथे त्याचे उत्तर ‘आहे’ असे होते, म्हणून माघार सोपी झाली.

२८/
एकनाथांच्या काळी प्रत शुद्ध करणे आणि दार लावून घेणे हेच शहाणपण होते, कारण कोणी काय बदलले याची नोंद ठेवण्याचे साधन नव्हते. सुखटणकरांनी दार उघडे ठेवले आणि प्रत्येक निर्णयाशेजारी त्याचा पुरावा ठेवला. गिटचे परीक्षक जाणूनबुजून त्या परंपरेतून आलेले नाहीत, पण त्यांनी त्याच प्रश्नाला तेच उत्तर दिले आहे. डिसेंबर २०१९ चा निर्णय, एप्रिल २०२० ची माघार, तिचे कारण आणि पुनःस्थापना, या चारही नोंदी गिटच्या इतिहासात शेजारी शेजारी आहेत. कोणीही त्या आपल्या संगणकावर आणून वाचू शकतो. आणण्याची आज्ञा अर्थातच ‘फेच’.

(समाप्त)